काचअक्का आणि कोरा हात

काचअक्का माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसे. ती हाताकडे बघे. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध. लग्नात कुणी अत्तर लावून घ्यायला हात पुढे केला की ही तो उलटा करून उजेडात धरायची. बसमध्ये कंडक्टरने तिकीट दिलं की तिकिटाच्या आधी त्याची बाही कुठवर सरकली आहे ते बघायची. पहिल्या दिवशी माझी ओळख करून दिली तेव्हाही तिने माझा हातच मागितला. त्यावर सुई टोचली, तीन दिवसांनी रुपयाएवढा लाल, टणक फुगवटा आलेला पाहिला आणि म्हणाली, "चांगला फुगलाय. जिवंत आहेस."

मी घाबरून गेले होते. मला वाटलं, क्षयच झाला. ती हसली. "अय्यो, तुला काही झालेलं नाही. ह्या बंगळुरात कुणाचा हात फुगत नाही? जंतू कधीतरी येऊन जातो सगळ्यांच्याच छातीत. अंगाने त्याला ओळखून ठेवलंय, एवढंच तो फुगवटा सांगतो."

हे एकोणीसशे पन्नासनंतरचं, मी कॉलेजचं पहिलं वर्ष अर्धवट सोडलं तेव्हाचं. चिकपेटच्या मागच्या एका गल्लीत छातीच्या रोगांचा धर्मादाय दवाखाना होता. तिथल्या मोठ्या डॉक्टरांची आणि अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ओळख होती. कँटोन्मेंटातल्या कॉन्व्हेंट शाळेत शिकल्यामुळे माझं इंग्रजी अक्षर चांगलं होतं. मला बोलता येत नसे. म्हणजे शब्द येत, पण चार माणसांत तोंडाबाहेर पडत नसत. लिहिण्याच्या कामाला अशी मुलगी बरी, असं डॉक्टर अण्णांना म्हणाले होते. ते खरंच होतं. त्यांना तशीच मुलगी हवी होती.

अक्का दवाखान्यात आली ती काचा धुवायला. नवरा ह्याच दवाखान्यात खोकत खोकत गेला, आणि त्यानंतर महिन्याभरात ती रक्ताच्या आणि थुंकीच्या काचपट्ट्या धुऊ लागली. म्हणून काचअक्का. धुता धुता तिने बघायला सुरुवात केली. तेव्हाच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीण बाईंनी तिला सूक्ष्मदर्शक दुर्बीण दाखवली, आणि वीस वर्षांत अक्का अशी झाली की तिने बघितलेली काच दुसऱ्या कुणी बघायची गरज राहिली नाही. मोठे डॉक्टर तर कधीच बघत नसत. ते फक्त सही करत.

तिला इंग्रजी येत नव्हतं. पांढऱ्या पेशींना तिने स्वतःची नावं दिली होती. लहान, गोल, काळीभोर, जिच्या कडेला जेमतेम पातळ साल दिसते ती पेशी म्हणजे उडीद. मोठी, पोटाशी वाकलेली, ती अवरे; आमच्याकडे हिवाळ्यात ज्या दाण्यांनी अख्खा बाजार भरतो, ते अवरे. तुकड्यातुकड्यांची ती शेंग. लालसर रव्याची ती मसूर. दुर्बिणीला डोळा लावून ती सुरू करायची, "शेंग, शेंग, उडीद, शेंग, अवरे, उडीद, स्वल्प थांब, काच सरकली, हं, शेंग." मी रेघा ओढायची. दोनशे झाल्या की बेरीज करून इंग्रजी नावांनी कागदावर उतरवायची. इतर ठिकाणी शंभरच मोजतात, असं मी एकदा हळूच म्हटलं. "शंभरात काय कळतं कॉन्व्हेंट? शंभर माणसं तर आमच्या गल्लीतच राहतात. गल्लीवरून बंगळूर कळतं का?" मला ती कायम कॉन्व्हेंट म्हणे. मोठे डॉक्टर ह्या प्रकाराला अक्काचं स्वयंपाकघर म्हणत आणि पाहुण्यांना आणून दाखवत. पाहुणे हसत. अक्काही हसायची. मी हसत नसे, पण गप्प बसे. आणि बघणाऱ्याला ह्या दोहोंत फरक दिसत नाही.

हाताची सुई मात्र ती दुसऱ्या कुणाला टोचू देत नसे. सुई कातडीच्या आत, पण कातडीच्या खाली नाही, अशी गेली पाहिजे. मसुरीच्या डाळीएवढा फिकट फोड वर उठला तर बरोबर. खोल गेली तर औषध वाया, आणि हात खोटं सांगतो. नवी बाटली फोडली की पहिली सुई ती स्वतःला टोचायची, कारण तिचा हात दरवेळी फुगतोच हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो फुगला की मगच ती बाटली लोकांसाठी. तिच्या डाव्या हातावर अशा जुन्या काळपट डागांची रांग होती. ती त्यांना आपल्या पाटल्या म्हणे.

कोऱ्या हातावर मात्र तिचा विश्वास नव्हता. लहान मुलाचा हात कोरा राहिला तर ठीक. पण मोठं माणूस, ह्या शहरात वाढलेलं, वाळलेलं, संध्याकाळी अंग कोमट होणारं, आणि हात कोरा? "फुगलेला हात बोलतो गं. कोरा हात म्हणजे तुझ्यासारखा. पोटात काही नाही म्हणून गप्प आहे, की फार आहे म्हणून गप्प आहे, ते विचारल्याशिवाय कळायचं नाही." तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं, की रोग फार वाढलेल्यांच्या रक्तात उडीद कमी होत जातात, अवरे वाढतात, आणि मग एक दिवस हात फुगायचा थांबतो. लढणाऱ्या पेशीच थकल्या, संपल्या. फुगवटा आणणार कोण? अशा माणसांच्या कोऱ्या हाताला ती हात जोडायची. खरोखरच जोडायची.

आता ज्या गोष्टीचा मला अजून संताप येतो ती सांगते. आमच्या जुन्या मराठी घरांमध्ये, शहाजीराजांच्या वेळेपासून इथे आहोत असं अभिमानाने सांगणाऱ्या घरांमध्ये, त्या काळात एक रीत पडली होती. पत्रिकेबरोबर मुलीच्या हाताचा कागद मागायचे. दवाखान्यात जाऊन सुई टोचून घ्यायची, आणि हात कोरा असल्याचं डॉक्टरांच्या सहीचं इंग्रजी पत्र वरपक्षाला द्यायचं. कोरा हात म्हणजे स्वच्छ मुलगी. फुगलेला हात म्हणजे घरात क्षय. मुलाचा हात कुणी मागत नसे. चांगल्या धडधाकट, गालांवर तुकतुकी असलेल्या मुली आमच्या बाकावर बसून तीन दिवसांनी हात फुगला म्हणून रडत घरी जात, आणि त्यांची स्थळं मोडत. अक्का त्यांच्या आयांना समजावून समजावून थकली. मोठ्या डॉक्टरांना हे सगळं माहीत होतं. पण समाजातली बडी घरं त्यांच्या दारात येत, वाकून नमस्कार करत. ते सही करत राहिले. आणि ती पत्रं कुणी लिहिली? मी लिहिली.

सुमित्रा आली ती अशाच पत्रासाठी. एकोणीस वर्षांची, माझ्याच वयाची. वडील सरकारी कचेरीत कारकून. होसकोट्याचं स्थळ होतं, भाताची गिरणी असलेलं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पदराआड खोकत होती. अक्काने सुई टोचली, डाळीएवढा फोड नीट उठला, तो मीही पाहिला. तीन दिवसांनी सुमित्रा परत आली तेव्हा हात असा कोरा होता की सुई कुठे टोचली ते शोधावं लागलं. वडिलांचा चेहरा उजळला. अक्काचा उतरला.

"हिची थुंकी तपासू या," अक्का वडिलांना म्हणाली.

"थुंकी? थुंकी कशाला? हात कोरा आहे ना!"

"म्हणूनच."

"हे बघा अक्का, लग्न ठरत आलेल्या मुलीची थुंकी तपासली असं बाहेर कळलं तर काय होईल, ठाऊक आहे ना? कागद द्या. आम्ही निघतो."

अक्काने कसंबसं बोटातून रक्त तेवढं काढून घेतलं. ते मोजताना तिचा आवाज बारीक होत गेला. शेंग, शेंग, अवरे, शेंग, अवरे. बऱ्याच वेळाने एखादा उडीद. दोनशे झाल्यावर तिने आणखी दोनशे मोजल्या. मग माझा कागद घेऊन ती डॉक्टरांच्या खोलीत गेली, आणि मलाही ओढत नेलं.

"ही पोर आतून भरली आहे," ती म्हणाली. "पत्र देऊ नका. मोठ्या इस्पितळात छातीचा फोटो काढायला पाठवा."

डॉक्टर खाली बघूनच बोलले. "अक्का, हात कोरा आहे. पुस्तकाप्रमाणे निकाल नकारार्थी. तुमच्या उडदांवर मी लग्न मोडू का?"

अक्का माझ्याकडे वळली. "कॉन्व्हेंट, तू सांग. इंग्रजीत सांग. मराठी त्यांना ऐकू येत नाही."

मला सांगता आलं असतं. डॉक्टरांच्याच कपाटातल्या जाड पुस्तकात ते वाक्य होतं, मी ते वाचलेलं होतं: रोग फार बळावला असेल तर ही चाचणी नकारार्थी येऊ शकते. एवढंच वाक्य. मी टेबलाच्या कडेकडे बघत उभी राहिले. डॉक्टरांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं. दोष नाही, विवाहास योग्य. सुबक, एका ओळीत.

त्या दिवशी अक्काने राहिलेल्या काचा धुतल्या. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

लग्न झालं. दीड महिन्याने एका सकाळी अक्का साडी, खण, नारळ घेऊन दवाखान्यात आली आणि म्हणाली, "चल, होसकोट्याला. नव्या नवरीची ओटी भरायची." बसमध्ये तिने पिशवी उघडून दाखवली. नारळाखाली फडक्यात गुंडाळलेली रुंद तोंडाची, झाकणाची काचेची कुपी होती.

सुमित्राच्या सासूबाईंनी आमचं आगत चांगलं केलं. माहेरच्या गल्लीतली अक्का आली म्हणून कॉफी केली. सून वाळली आहे हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. "खातच नाही हो," त्या म्हणाल्या. "माहेरची आठवण येते, दुसरं काय! आणि नखरे. उठलं की खोकला, काम सांगितलं की खोकला."

"सरी, सरी, असेल तसंच," अक्का म्हणाली. "ओटी भरायला जरा आतली खोली द्या. आमच्याकडे पहिली ओटी चारचौघांत भरत नाहीत."

अशी काही रीत नव्हती. पण सासूबाईंनी खोली दिली. अक्काने दार लोटलं, सुमित्राच्या ओटीत तांदूळ, नारळ घातला, कुंकू लावलं, आणि कुपी तिच्या हनुवटीखाली धरली. "आता खोक, बाळ. छातीतून. लाजू नकोस, मी बाहेर काही सांगणार नाही." सुमित्रा खोकली. मी दाराला पाठ लावून उभी होते. जे आलं त्यात लाल धागा होता. अक्काने झाकण लावलं, कुपी फडक्यात बांधली आणि सुमित्राच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या दुपारी तिने काच रंगवली. स्पिरिटच्या दिव्यावर लाल रंग तापवला, धुतला, वर निळा घातला. मग दुर्बिणीतून डोळा काढून तिने मला बोलावलं. निळ्या पाण्यात लाल काड्यांच्या, म्हणजे क्षयाच्या जंतूंच्या, जुड्याच्या जुड्या. मोजण्याची गरजच नव्हती.

ह्यापुढचं मला शांतपणे लिहिता येत नाही. अक्काने निकाल फक्त सुमित्राच्या वडिलांना सांगितला होता. तिथून होसकोट्याच्या लोकांना कळलं, तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट कुठली केली? सुमित्राला जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, बसवून बापाच्या दारात आणून सोडलं. दुसरी गोष्ट, आमचं पत्र घेऊन दवाखान्याच्या कमिटीकडे गेले. फसवणूक झाली, जबाब द्या. आणि मोठ्या डॉक्टरांनी जबाब शोधून काढला. एक दिवस मला आणि अक्काला खोलीत बोलावून त्यांनी सांगितलं, की क्षयावरच्या औषधाच्या फुकट सुयांच्या यादीत सुमित्राचं नाव घालायला ते तयार आहेत. दीड वर्षाचे पूर्ण उपचार. फक्त अक्काने लिहून द्यायचं, की हाताची सुई तिने चुकीची, खोल टोचली, म्हणून हात कोरा राहिला.

"नाहीतर?" अक्काने विचारलं.

"नाहीतर यादी मोठी आहे. नंबर लागेल तेव्हा लागेल."

बाहेर येऊन अक्का बाकावर बसली. मला म्हणाली, "लिही."

"अक्का, हे खोटं आहे."

"मला माहीत आहे. तुला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. त्या पोरीच्या फुप्फुसाला माहीत नाही ना? त्याला सुया हव्यात. लिही, आणि नीट लिही, नाहीतर परत लिहायला लावतील."

मी लिहिलं. तिने खाली कानडीत सही केली. तिला तेवढीच लिपी येत होती. पत्रात काय लिहिलंय ते तिने वाचूनही दाखवायला लावलं नाही. मला डॉक्टरांचा राग आला, होसकोट्याचा आला, आणि खरं सांगायचं तर अक्काचाही आला. वीस वर्षांचं काम, हातावरचे ते सगळे डाग, आणि एका बैठकीत ती हे सगळं त्या माणसाच्या टेबलावर ठेवून आली. तिने भांडायला हवं होतं, असं मला वाटत होतं. भांडायला मी होते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

महिनाअखेरीस कमिटीने तिला काढून टाकलं. चूक तिने स्वतःच कबूल केली होती, त्यामुळे कुणी हळहळलंही नाही. ती के. आर. पुरमला, रेल्वेच्या रुळांपलीकडे, भावाकडे राहायला गेली. मी रविवारी जायची. ती पहिला प्रश्न विचारायची, "सुमित्रा सुई चुकवत नाही ना?" आठ महिन्यांनी सुमित्राला परत हाताची सुई टोचली आणि हात टरारून फुगला, ते मी पळत जाऊन सांगितलं. अक्का सुपात डाळ निवडत होती. सूप तसंच खाली ठेवून तिने माझे दोन्ही गाल ओढले. "उडीद परत आले! बघितलंस कॉन्व्हेंट? उपाशी सैन्य होतं, जेवायला मिळालं की उठून उभं राहिलं!" मी म्हटलं, आता तरी मी सगळ्यांना खरं सांगते. तिने मान हलवली. "अजून सुया संपायच्या आहेत. गप्प बस."

सुया संपल्या. सुमित्रा बरी झाली. मोठ्या डॉक्टरांचा शाल घालून सत्कार झाला. आभाराचं इंग्रजी भाषण मी लिहून दिलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. सोडताना कारण लिहिलं: घरगुती. अक्का नंतर फार जगली नाही. पोटाचं दुखणं झालं, अंथरूण धरलं आणि तीन आठवड्यांत गेली. दवाखान्यातून कुणी आलं नाही.

गेल्या दसऱ्याच्या आधी चिकपेटच्या एका कापडाच्या दुकानात सुमित्रा मला भेटली. भरलेला चेहरा, नाकात चमकी. प्राथमिक शाळेत शिकवते. होसकोट्याने तिला परत नेलं नाही. नवऱ्याने दुसरी केली. आम्ही खणांचे रंग बघत बोलत होतो आणि मध्येच ती म्हणाली, "सगळं त्या बाईमुळे. सुई नीट टोचली असती तर लग्नाआधीच कळलं असतं की नाही? वर स्वतःची चूक झाकायला होसकोट्याला आली, ओटी भरायचं सोंग करून. तिचं नाव निघालं तरी माझं डोकं तापतं."

मी बोलले. दुकानात दहा माणसं होती, गुमास्ता हातात मापाचा गज घेऊन तसाच थांबला, आणि मी अक्काचा फोड, अक्काचे चारशे आकडे, डॉक्टरांची खोली, पुस्तकातलं वाक्य, ते पत्र, ती यादी, सगळं एका दमात सांगितलं. माझा आवाज इतका मोठा होता हे मला माहीत नव्हतं.

सुमित्रा पांढरी पडली. "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुझ्या सुया थांबल्या असत्या."

"सुया संपून सहा वर्षं झाली."

मी हातातला खण घडी घालून ठेवला.

"कुठे आहेत त्या?" तिने विचारलं, आणि त्या गेल्याचं मी सांगितलं. मग ती माझ्यावर तुटून पडली. "सहा वर्षं मी त्या बाईला शिव्या दिल्या, माझ्या आईने दिल्या, शेजारणींनी दिल्या, आणि तू ह्याच गावात ते ऐकत फिरत होतीस? तुझ्या जिभेला काय झालं होतं? एकदा तरी जाऊन मला त्यांच्या पाया पडू द्यायचं होतंस!" गुमास्ता म्हणाला, ताई, बाहेर जाऊन बोला. ती बाहेर गेली नाही. ती रडत आणि ओरडत राहिली, डॉक्टरांच्या नावाने, होसकोट्याच्या नावाने, पण सगळ्यात जास्त माझ्या नावाने. मी एक शब्द खोडला नाही. सगळं बरोबरच होतं. इतकी वर्षं काचअक्कासाठी रागावणारी ह्या गावात मी एकटीच होते. त्या दुपारी आम्ही दोघी झालो.